सतरा प्रश्नांची नोकरी

मानसिक आजारांवरच्या औषधांच्या ट्रायलमध्ये माझं काम रेटरचं. औषध डॉक्टर देतात, गोळ्यांचा हिशोब कोऑर्डिनेटर ठेवतो, आणि मी रुग्णासमोर बसून ठरलेले प्रश्न ठरलेल्या रीतीने विचारते, उत्तरांना गुण देते. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, 'होईल सगळं नीट' तर अजिबात म्हणायचं नाही. 'म्हणजे तुला नुसतं विचारायचे पैसे मिळतात?' असं आमच्या एका मावशींनी भर लग्नात विचारलं होतं. त्यावर काय बोलावं ते मला तेव्हा सुचलं नाही. आता थोडंफार सुचतंय, म्हणून हे लिहायला बसले.

१. मोजपट्टी मीच आहे, हे पचायला वेळ लागला. रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला रक्ताचा थेंब पुरतो. उदासी मोजायला मात्र दुसरं माणूसच लागतं. आणि माणूस म्हटलं की त्याची झोप झालीय का, बस चुकलीय का, आधीचा रुग्ण किती जड गेला, हे सगळं आलंच. नवी ट्रायल सुरू होताना गावोगावच्या रेटरना एखाद्या हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये जमवतात, एकाच मुलाखतीची चित्रफीत दाखवतात आणि गुण द्यायला लावतात. मग सगळ्यांचे आकडे पडद्यावर येतात. पडद्यावरच्या बाईंचं हसू एकाला खरं वाटलेलं असतं, दुसऱ्याला उसनं. चहाच्या सुट्टीत त्या हसण्यावरून जी हमरीतुमरी होते, तिच्यापुढे सोसायटीची वार्षिक सभा काहीच नाही. पण हा वाद जुना आणि मोठ्या माणसांचा आहे, हे कळल्यावर जरा हायसं वाटलं. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त व्हायचं. मग संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच पद्धतीने मुलाखत घेतली, आणि हा फरक बराचसा विरघळला. आजार दोन्ही शहरांत सारखाच होता, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. माझ्या सवयी कोणत्या, हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचं दुःख मला कमी वाटतं, एवढं मात्र ध्यानात आलंय, आणि तसा कोणी समोर आला की मी जरा जपून असते.

२. स्केल बनवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते स्केलच्या आतच बसलेलं असतं. नैराश्यासाठी सगळ्यात जास्त वापरली गेलेली मोजपट्टी मॅक्स हॅमिल्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केली. १७ मुद्दे, एकूण ५२ गुण. मला ती तोंडपाठ आहे. घरी कोणी 'कंटाळा आलाय' म्हणालं की मी मनातल्या मनात गुण देते आणि माझ्या चेहऱ्यावरून ते घरच्यांना लगेच कळतं. या १७ मध्ये उदास मनाला जास्तीत जास्त ४ गुण आहेत. झोपेला तीन स्वतंत्र मुद्दे: झोप लागत नाही, मधेच मोडते, पहाटे फार लवकर जाग येते. प्रत्येकी २, म्हणजे मिळून ६. याचा अर्थ असा, की नुसती गाढ झोप आणणारी गोळी दिली आणि मनाला तिने स्पर्शही केला नाही, तरी आकडा सहाने उतरू शकतो, आणि कागदावर सुधारणा दिसते. मी हे एका डॉक्टरांना मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलं. ते म्हणाले, 'आणि झोप लागली म्हणून ज्याचं मन हलकं झालं, त्याचं काय?' हॅमिल्टनने बहुतेक वॉर्डात दाखल झालेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून ही मोजपट्टी बनवली होती. आमच्या ओपीडीत स्वतः स्कूटर चालवत येणाऱ्यांना ती लावायची तर कुठे सैल, कुठे घट्ट बसणारच.

याच यादीत लैंगिक इच्छेचाही एक मुद्दा आहे. सासूबाईंना घेऊन आलेल्या सुनेला आधी कॅन्टीनमध्ये चहाला पाठवायचं, दार लावायचं आणि मग तो विचारायचा. एका आजींनी पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसून घेतलं, मग म्हणाल्या, 'बाई, एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.' आणि पुढची वीस मिनिटं त्या बोलत होत्या. फॉर्मवर त्या वीस मिनिटांचा १ गुण झाला.

३. शून्य गुण म्हणजे बरा, असं प्रत्येक मोजपट्टीवर नसतं. स्किझोफ्रेनियासाठी 'पॅन्स' वापरतात. ३० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ७. म्हणजे ठणठणीत माणूसही ३० घेऊनच उठतो. रुग्ण ९० वरून ६० वर आला की एक तृतीयांश सुधारला असं वाटतं. तळाचे ३० वजा केले तर तो निम्म्याने सुधारलेला असतो. गणित पाचवीचं आहे, तरी छापून आलेल्या शोधनिबंधांत ते चुकलेलं सापडतं.

४. कधीकधी आपण आजार मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो शाळा. स्मृतिभ्रंशासाठी १९७५ पासून जगभर वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी आहे, एमएमएसई. तीत १०० मधून सात-सात वजा करत जायचं, कागदावरची सूचना वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती काढायची. मुळशीकडच्या एक आजी, कधी पेन्सिल न धरलेल्या, या सगळ्यात सपशेल नापास. पण पोरगा सोबत म्हणून आला होता तो सांगत होता, दूध कोणाकडे किती गेलं, कोणाचे पैसे थकले, हे घरात फक्त आजीला माहीत असतं. हा पेच हरियाणातल्या बल्लभगड भागात काम करणाऱ्या संशोधकांनाही पडला होता. १९९५ साली त्यांनी निरक्षर माणसांसाठी हिंदी चाचणी तयार करून प्रसिद्ध केली: वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा, वाक्य लिहिण्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. घराबद्दल सांगा! आमच्या आजींना हा प्रश्न विचारला असता तर दुपारची ओपीडी रद्द करावी लागली असती.

५. संमती ही सही नसते, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याचा अर्थ मात्र रुग्णांकडूनच कळला. संमतीपत्र पानंच्या पानं असतं. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा. २०१३ पासून काही प्रकारच्या ट्रायलमध्ये ही सगळी प्रक्रिया कॅमेऱ्यात टिपणंही सक्तीचं झालं. कॅमेरा बघितला की पुरुष कॉलर नीट करतात, बायका केस सारखे करतात आणि नंतर सगळेच प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. 'तुम्हाला औषध मिळेल किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी मिळेल, आणि ते डॉक्टरही ठरवणार नाहीत, संगणक ठरवेल.' यावर मान डोलते. 'काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हटलं की उत्तर येतं, 'डॉक्टर बघतील ना आमच्यासाठी चांगलं काय ते.' म्हणजे नेमकं जे घडणार नाही, तेच समजलेलं. पुन्हा पहिल्यापासून. एक कोकणातले काका मात्र शांतपणे ऐकून म्हणाले, 'म्हणजे देवळात कौल लावतो तसंच. फूल डावीकडे पडलं की उजवीकडे, ते गुरवाच्या हातात नाही.' रँडमायझेशन याहून नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तेवढं बोलून काका, 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेले आणि परत आले नाहीत. ट्रायलचा एक रुग्ण गेला, पण संमतीची प्रक्रिया इतकी चोख झालेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

६. डोळ्यांवरची पट्टी फार घट्ट नसते. कोणाला कोणती गोळी हे रुग्णाला कळू नये, मलाही कळू नये, असा बंदोबस्त असतो. पण तोंड कोरडं पडलं, पाय स्वस्थ राहीनात, की रुग्ण ओळखतो. नाही काही झालं तरी ओळखतो. एका आजोबांनी कॅप्सूल उघडून चाटून बघितली, 'गोड लागली, म्हणजे खोटी.' असं काही रुग्ण सांगायला लागला की मी घाईघाईने हात वर करते आणि म्हणते, 'काका, हे मला सांगू नका.' हा प्रसंग बाहेरून कसा दिसत असेल, याचा विचार मी करत नाही.

७. नुसतं विचारणं हे 'नुसतं' नसतं. मावशींना द्यायचं उत्तर हेच होतं.

नैराश्याच्या ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे ती औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपैकीही साधारण ३५ ते ४० टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. हे वाचून 'म्हणजे औषधं थोतांड' अशी उडी मारणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ५२२ ट्रायल आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात तपासलेली २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली. फरक थोडा, पण खरा. मला कुतूहल त्या दुसऱ्या बाजूचं आहे. रिकाम्या गोळीत बरं करण्यासारखं काय असतं?

थोडं उत्तर हिशोबाचं आहे. माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असताना डॉक्टरकडे येतो, आणि तिथून बऱ्याच जणांचं आपसूकही थोडं सावरतं. शिवाय ट्रायलमध्ये घ्यायचं तर अमुक गुण हवेतच अशी अट असते. मग काठावरच्या रुग्णाला, त्याचं भलं व्हावं म्हणून, कोणीतरी एखाद-दोन गुण सढळ हाताने देतं. पुढच्या खेपेला ते उसने गुण गळून पडतात आणि सुधारणा म्हणून नोंदले जातात. सुरुवातीच्या गुणांची रास त्या अटीच्या आकड्यालगतच पडलेली दिसली की समजायचं.

उरलेलं उत्तर माझ्या खोलीत असतं. आमच्याकडचा रुग्ण आठवड्याला किंवा पंधरवड्याला येतो. त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही. येण्याजाण्याचं भाडं मिळतं. नावाने हाक मारून आत बोलावतात. मग एक शिकलेलं माणूस, मोबाइल बाजूला ठेवून, पाऊण तास त्याला विचारतं: गेल्या आठवड्यात भूक कशी होती, कशात मन रमलं का, रडू आलं का, किती वेळा, कधी. मधे कोणी 'जास्त विचार करू नकोस' म्हणत नाही. हे मी धीर देण्यासाठी करत नाही. प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलंय म्हणून करते. ज्या बाईचं घरी कोणी एक वाक्य पुरतं ऐकत नाही, तिला यातला फरक का कळावा? 'मॅडम, तुमच्याशी बोललं की आठवडा बरा जातो,' असं ती म्हणाली की माझी पंचाईत होते. हसावं तर तटस्थता गेली. आम्हाला सांगितलेलं असतं की रेटरने आपुलकी बेताने दाखवावी, नाहीतर दोन्ही गट सारखेच सुधारतील आणि औषधाचा गुण दिसणार नाही. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर आहे, मी ते पाळते. फक्त कधीकधी वाटतं, गाळणीत जे अडकतंय ते आम्ही फेकून देतोय, आणि ओपीडीत माणसं त्याच्यासाठीच ताटकळत बसलेली आहेत. सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरला एका रुग्णामागे पाच मिनिटं मिळाली तरी नशीब. ट्रायल संपली की माझ्या खोलीतला पाऊण तास संपतो, आणि आमचे रुग्ण त्याच रांगेत जाऊन उभे राहतात.

८. गळालेली माणसं आकड्यांना वाकवतात. ट्रायल सोडून जाणारे सगळे औषध सोसलं नाही म्हणून जात नाहीत. कोणाची सोंगणी असते, कोणाच्या मुलीचं बाळंतपण. दर आषाढात एखाद-दुसरा वारीला जातो. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत तीन आठवडे चालणं. आमची व्हिजिट ठरल्या तारखेच्या फार तर तीन दिवस इकडे-तिकडे चालते. परदेशातून क्वेरी येते, 'व्हिजिट का चुकली?' आम्ही लिहितो, 'पायी तीर्थयात्रा.' उलट क्वेरी येते, 'याला वैद्यकीय कारण होतं का?' पूर्वीची रीत अशी, की माणूस निघून गेला तर त्याचा शेवटचा आकडाच पुढे शेवटपर्यंत ओढायचा. चौथ्या आठवड्याला गेलेला वारकरी कागदावर चौथ्या आठवड्याइतकाच उदास राहायचा, प्रत्यक्षात वाखरीच्या रिंगणात नाचत असला तरी. आता हिशोबाच्या बऱ्या पद्धती आल्या आहेत. वारीहून परतलेल्याचा चेहरा मात्र त्यांनाही दिसत नाही.

९. ज्याला आपण 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणतो, ते तपासून बघावं. सर्पगंधेची गोष्ट मला फार आवडते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे रुस्तम जाल वकील यांचा तिच्या रक्तदाबावरच्या गुणाबद्दलचा निबंध इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष गेलं. मुळीतून रेसरपिन काढलं गेलं, १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात ते वापरलं. पुढे ठरून गेलं, की रेसरपिनने नैराश्य येतं. मेंदूतल्या रसायनांच्या कमतरतेने नैराश्य येतं, या पुढे गाजलेल्या कल्पनेलाही त्याचा आधार मिळाला. मीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले. आणि गंमत म्हणजे १९५५ सालीच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांवर रेसरपिन आणि प्लासिबो यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली होती. मानसोपचारातल्या अगदी सुरुवातीच्या अशा ट्रायलपैकी ती एक. त्यात रेसरपिनने रुग्णांना बरं वाटलं होतं! पाठ्यपुस्तकांनी तिकडे काही दशकं ढुंकून पाहिलं नाही.

१०. पदवीचा ताठा गोव्याने उतरवला. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या लोकांनी गोव्यात जे प्रयोग केले, त्यांबद्दल मी आधी ऐकलं तेव्हा नाक मुरडलं होतं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक करायचं आणि त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत हाताळायचं! पण ट्रायल चोख होती. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, चिठ्ठ्या टाकून केलेले गट, गुण देणाऱ्यांना गट माहीत नाही. २०१७ साली निकाल छापून आले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी होती, आणि वर्षानेही तो फायदा टिकलेला दिसला. बैठकांत तत्त्वज्ञान नव्हतं. सुटलेली कामं पुन्हा थोडी थोडी धरायची, घरच्या अडचणींवर तोडगा शोधायचा, गरज पडली तर समुपदेशकाने घरी जायचं. मला सगळ्यात भावलं ते हे, की हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून एकमेकांना गुण द्यायचे. आमच्या थंडगार हॉलमधली हमरीतुमरी तिथे आरोग्य केंद्राच्या बाकावर चालली होती, आणि तिथे मोजलं जात होतं ते रुग्णाचं दुःख नव्हे, ऐकणाऱ्याचं कसब. आमच्या ट्रायलमध्ये जे वजा करायचं असतं, त्यातलं बरंचसं तिथे शिस्तीत बसवून औषध म्हणून तपासलं होतं.

११. नववा प्रश्न विचारल्याने कोणी मरत नाही. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी आता सगळीकडे असते. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. नातेवाईक कळवळून म्हणतात, 'तेवढं विचारू नका हो, डोक्यात नसेल तर यायचं.' नव्या रेटरचाही आवाज तिथे खाली जातो. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट बऱ्याच जणांचे खांदे सैल होतात, कोणीतरी विचारलं म्हणून. मी तो प्रश्न बाकीच्या आठांच्याच आवाजात विचारायला शिकले. आणि उत्तर 'हो, रोज' असं आलं, की माझं सगळं रेटरपण तिथेच संपतं. फॉर्म बंद, डॉक्टरांना फोन, सोबतच्या माणसाला आत बोलवायचं, तोवर रुग्णाजवळून हलायचं नाही. त्या वेळात मी जे बोलते ते कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नाही आणि तटस्थ तर मुळीच नसतं. आठवड्याने ट्रायलच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरची क्वेरी येते: त्या दिवशीच्या उरलेल्या मोजपट्ट्यांचे गुण का भरले नाहीत? मी लिहिते, 'रेटर इतर कामात होती.'